शेवटचं बटण

धाकटी : म्हणजे तुम्ही काहीच बोलला नाहीत?

मास्तर : बोललो की. ‘सवय’ म्हणालो.

धाकटी : आणि पुढे?

मास्तर : पुढे काही नाही. तेवढंच आलं तोंडातून. मग खाली बसलो.

धाकटी : भावोजी, समोर निवडणूक अधिकारी बसल्यात, आमदारांचा वकील उभा राहून सांगतोय की यांचा अर्ज बाद करा, आणि तुम्ही एक शब्द बोलून खाली बसलात. मी इथे बाकावर बसून नखं खाऊन संपवली.

मास्तर : हळू बोल. शिपाई बघतोय.

धाकटी : बघू दे. मला पहिल्यापासून सांगा. दाराच्या फटीतून मला नुसती त्या वकिलाची पाठ दिसत होती.

मास्तर : कोट वाईट शिवलाय त्याचा. खांद्यात ओढतो.

धाकटी : भावोजी.

मास्तर : सांगतो ना. छाननी म्हणजे काय, दोनच अर्ज. आधी आमदारांचा घेतला. पाच मिनिटांत झाला. मग माझा. मॅडमनी पहिलं पान वाचलं. नाव, वय, मतदार यादीतला नंबर, सगळं जुळलं. दुसरं पान झालं. तिसऱ्या पानावर ते असतं बघ, ‘मी खाली सही करणार’, मग रिकामी जागा, मग ‘ही उमेदवारी स्वीकारत आहे’. तिथे मॅडम थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि तुझ्या ताईचं नाव वाचलं.

धाकटी : मोठ्याने?

मास्तर : पूर्ण. त्यातलं मधलं नाव तेवढं माझं. तेवढं बरोबर होतं.

धाकटी : मग?

मास्तर : मागे कोणीतरी हसलं. वकील उठला. म्हणाला, उमेदवारी स्वीकारणारी व्यक्ती मयत आहे, तेव्हा हा अर्ज धरताच येणार नाही. मॅडमनी मला विचारलं, हे कसं झालं. मी म्हणालो, सवय. त्या म्हणाल्या, अर्ध्या तासाने निर्णय देते. फाइल मिटली. आता घड्याळात बघ किती झाले.

धाकटी : दहा मिनिटं. वीस उरली. अहो, सांगायचं तरी सगळं. वीस वर्षांत ताई चार वेळा उभी राहिली, चारही वेळा तिचा अर्ज तुम्ही भरलात, हे कोणाला माहीत आहे त्या खोलीत?

मास्तर : तिचं अक्षर तुला माहीत आहे. तिने गिऱ्हाईकाचं माप लिहून ठेवलं की मला त्या माणसाला परत बोलवावं लागायचं.

धाकटी : मला आलेल्या तिच्या पत्रांतलं अक्षर मी अजून लावतेय.

मास्तर : ती सांगायची, मी लिहायचो. आणि तिसरं पान आलं की ती उठायची. म्हणायची, इथून पुढे सगळं तेच आहे, तुम्ही लिहा, मी चहा ठेवते. दर वेळी. या खेपेला मी शिलाईच्या मशीनपाशी बसून भरत होतो. पहिली दोन पानं फार सांभाळून लिहिली. एकेक अक्षर. तिसरं पान आलं आणि मला वाटलं, आता सगळं तेच आहे.

धाकटी : हं.

मास्तर : चहाचा आवाज येत नाही म्हणून मी वर पाहिलं. तोवर लिहून झालं होतं बहुतेक. मला कळलंच नाही.

धाकटी : एक सांगू? रागावू नका.

मास्तर : आता काय रागवायचं.

धाकटी : त्या अर्जाच्या तीन प्रती माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर, मीच काढल्या. दिवसाला हजार कागद जातात माझ्या हातून. कोणाची सही राहिली, कोणाचा फोटो उलटा लागला, मी गिऱ्हाईकाच्या आधी सांगते. तुमचं तिसरं पान मी तीनदा हातात धरलं. ताईचं नाव वाचलं. आणि मला काही वाटलंच नाही. बरोबर जागी बरोबर नाव, असं वाटलं.

मास्तर : खरं?

धाकटी : वर परत कडा सरळ करून पिनही मारली.

मास्तर : मग एकट्याची चूक नाही म्हणायची.

धाकटी : हसताय काय. बाद झालं ना, तर संपलं. मोठ्या पक्षाने या वेळी आमदारांशी हातमिळवणी केलीय, उमेदवारच दिला नाही. आपल्या पक्षाची सात माणसं. त्यांतले चौघं घाबरट, एकाचं वय बसत नाही, एक गावाला. उरले तुम्ही. तुम्ही गेलात की आमदार बिनविरोध. मतदानच नाही. प्रचार नाही, सभा नाही, आणि पुलाचा कठडाही नाही.

मास्तर : माहीत आहे.

धाकटी : ताईला दोन हजारांच्या वर मतं कधी मिळाली नाहीत. पण ती उभी राहिली की काम व्हायचं. पहिल्या वेळी आमच्या गल्लीत दिवे आले, मतदानाच्या बारा दिवस आधी. मग दवाखान्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतरती वाट झाली. मग टेकडीवरच्या वस्तीला बस. मागच्या वेळी—

मास्तर : पाण्याची टाकी.

धाकटी : टाकी. आणि या वेळी कालव्यावरच्या पुलाचा कठडा. दोन वर्षं पत्रं लिहीत होती त्याच्यासाठी. शाळेची पोरं त्या पुलावरून जातात, एका बाजूला नुसती दोरी बांधलीय. ते पोरगं पडलं तेव्हा ताईने भर रस्त्यात—

मास्तर : वाचलं ते.

धाकटी : कालव्याला पाणी कमी होतं म्हणून वाचलं. पुढचं वाचेल कशावरून?

मास्तर : धाकटे, हे मला का सांगतेस? मी काय मुद्दाम लिहिलं?

धाकटी : तुम्हाला नाही सांगत. ते बघा, कोण येतंय. त्यांना सांगतेय. म्हणून मोठ्याने बोलतेय.

आमदार : ऐकू आलं. जिन्यापर्यंत ऐकू येतंय. मास्तर, सरका जरा. गुडघे दुखतात, आत त्या खुर्च्या फार खाली आहेत.

मास्तर : बसा. जपून, या बाकाचा एक पाय आखूड आहे.

धाकटी : आमदारसाहेब इथे कसे? आत वकिलांबरोबर पेढे वाटायची तयारी करायची सोडून.

आमदार : तुमची ताईही असंच बोलायची. ओळखलं मी तुम्हाला. झेरॉक्सचं दुकान ना, कोपऱ्यावरचं?

धाकटी : तेच. ‘कठडा कधी’ असा कागद गेले आठ महिने काचेवर लावलाय. तुमची गाडी रोज समोरून जाते.

आमदार : मी मागे बसतो, काच काळी असते.

धाकटी : म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहिलाय.

मास्तर : अगं, पुरे. साहेब, पाणी घ्या. तो पेला साखळीला बांधलाय, वाकून प्यावं लागतं.

आमदार : राहू दे. मास्तर, मी स्पष्ट बोलतो. वकिलाला मी उठ म्हटलं नव्हतं. पण बसही म्हटलं नाही. अडुसष्टावं चालू आहे मला. डॉक्टरने पायऱ्या बंद सांगितल्यात. बिनविरोध म्हटल्यावर मला खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. घरोघर जिने चढायला नकोत, सभा नकोत, रोज रात्री घसा बसायला नको. एकदा तरी आयतं मिळावं, असं वाटतं माणसाला.

मास्तर : वाटतं. चूक नाही.

धाकटी : भावोजी, तुम्ही कोणाच्या बाजूने उभे आहात?

मास्तर : मी बसलोय. आणि साहेब, तुम्ही आला आहात ते मी काहीतरी मागावं म्हणून असेल, तर मी मागणार नाही. चूक माझ्या हाताने झालीय. कापताना कात्री वाकडी गेली तर गिऱ्हाईकाला दोष देत नाही मी. नियमात जे बसेल ते होऊ दे.

आमदार : तुम्ही उभे का राहिलात पण? खरं सांगा. बाईंनी शेवटी वचन घेतलं होतं का?

मास्तर : नाही हो. दवाखान्यात ती निवडणुकीचं बोललीच नाही. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचं तिसरं बटण सुटलंय, तेवढं लावून द्या, असं म्हणत होती. मग मी सुईदोरा नेला होता.

आमदार : मग?

मास्तर : तुमचा माणूस आला होता दुकानात. कोटाचं कापड घेऊन. ती जाऊन सात महिने झाले होते. म्हणाला, साहेबांना शपथविधीसाठी नेहमीसारखा कोट हवाय, आणि या वेळी निकालाची वाट बघायला नको, बिनविरोधच आहे, तारीख आजच लिहून घ्या. चांगला माणूस आहे, वाईट हेतूने नाही बोलला. मी कापड घेतलं. माप होतंच माझ्याकडे. तो गेला आणि मी दुपारी पक्षाच्या माणसांना बोलावलं.

धाकटी : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

मास्तर : निकालाच्या आधी तिने तो कोट कधी पुरा होऊ दिला नाही. चार वेळा. सगळा कोट तयार व्हायचा, अस्तर, काज, इस्त्री, आणि शेवटचं बटण ती पेटीत ठेवून द्यायची. म्हणायची, आधी मतं मोजू देत. आणि हा माणूस मला तारीख लिहून घ्या म्हणाला. मला ते जमलं नाही, साहेब. एवढंच कारण आहे. कठड्याचं मला नंतर सुचलं.

आमदार : कठड्याचं नंतर सुचलं?

धाकटी : मी सुचवलं.

आमदार : ते बटण मला आठवतं. मीच यायचो ना न्यायला, मोजणी झाली की. ड्रायव्हरला पाठवलं तर बाई देत नसत. म्हणायच्या, अंगात घालून बघायला माणूसच लागतो. मला स्टुलावर बसवायच्या आणि एका बटणाला वीस मिनिटं लावायच्या.

मास्तर : तीन मिनिटांचं काम आहे ते.

आमदार : ते मला दुसऱ्या वेळी कळलं. दोरा ओवायचा, पुन्हा काढायचा, आणि तेवढ्यात सगळ्या गल्ल्यांची यादी. कुठे गटार तुंबलंय, कुठल्या शाळेत शिक्षक नाही. कोट त्यांच्या हातात, मी उठून जाणार कुठे? पाच वर्षांत माझ्याशी इतकं सलग कोणी बोलत नाही. बाकीचे सगळे ‘हो साहेब’.

धाकटी : मग बिनविरोध व्हा की. कोणी काही बोलणार नाही तुम्हाला. फक्त एक लक्षात ठेवा. लोक असं नाही म्हणणार की आमदार बिनविरोध आले. लोक म्हणतील, गेलेल्या बाईचं नाव अर्जात निघालं म्हणून आले. माझ्या दुकानात दिवसाला दोनशे माणसं येतात. मला कोणाला काही सांगावंही लागणार नाही.

मास्तर : धाकटे, हे बरोबर नाही.

आमदार : बोलू द्या. बरोबरच बोलतात त्या. आत बसल्या बसल्या मीही तोच हिशेब केला. मला वाटलं, उगाच खोटं कशाला बोला, तुमच्याकडे येऊन मोठेपणाचं सोंग कशाला आणा. पण त्याच्या आधी एक झालं, मास्तर. तेही सांगून टाकतो.

मास्तर : काय झालं?

आमदार : मॅडमनी ते नाव वाचलं ना, तेव्हा मी दाराकडे बघितलं. चार छाननींना त्या नावाला दार उघडायचं आणि त्या यायच्या, उशिरा, हातात पिशवी. मी अगदी मान वळवून बघितलं, आल्या का म्हणून. शेजारी वकील हसत होता. तो बोलायला उठला तेव्हा मला कळलं की मी काय करतोय. तुम्ही ‘सवय’ म्हणालात ते त्या खोलीत फक्त मला समजलं बहुतेक.

धाकटी : हे आत बोलायचं होतं, साहेब.

आमदार : आता बोलतो. चला मास्तर, अर्धा तास होत आला. मला हात द्या उठायला.

(दोघे आत जातात. पंधरा मिनिटांनी मास्तर एकटे बाहेर येतात.)

धाकटी : काय झालं? तोंड असं का? भावोजी, बोला काहीतरी. ‘सवय’ सोडून काहीही.

मास्तर : राहिला.

धाकटी : अर्ज?

मास्तर : राहिला अर्ज. वैध. बसू दे मला.

धाकटी : बसा. थांबा, पाणी आणते. ह्या पेल्याची साखळी, काय माणसं आहेत, पेला चोरून कोण श्रीमंत होणार आहे. घ्या, वाका. आता सांगा.

मास्तर : आमदार उभे राहिले, म्हणाले आमची हरकत नाही, आणि होती ती मागे घेतो. वकील त्यांच्या बाहीला धरून ओढत होता. बाही माझ्या शिलाईची, नाहीतर उसवली असती. मग मॅडम म्हणाल्या, हरकत मागे घेतली काय न घेतली काय, माझा निर्णय आधीच झाला होता. बाकी सगळ्या जागी नाव यांचं, फोटो यांचा, सही यांची. एका जागी हात चुकला म्हणून मी माणसाला घरी पाठवत नाही. दुरुस्त करा आणि शेजारी सही करा.

धाकटी : म्हणजे आमदार नसते बोलले तरी झालं असतं?

मास्तर : झालं असतं. पण ते बोलले ते बरं झालं. त्यांनाही बरं वाटलं असेल.

धाकटी : मग तुमचा चेहरा असा का पडलाय? मी इथे नाचायच्या बेतात आहे.

मास्तर : दुरुस्त करायचं म्हणजे तिचं नाव खोडायचं ना.

धाकटी : अगं बाई.

मास्तर : पेन दिलं हातात. मी म्हटलं, मॅडम, तसंच ठेवून खाली माझं लिहिलं तर? त्या म्हणाल्या, नाही चालणार, खोडावं लागेल. माझा हात काही हलेना. सगळी माणसं बघतायत. मृत्यूच्या दाखल्यावर सही करताना नव्हता थांबला हात माझा. धडाधड केली होती. इथे थांबला.

धाकटी : मग?

मास्तर : मग त्या मॅडम उठून आल्या. माझ्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, काका, गिरगटायचं नाही हं. नियम असा आहे की एकच सरळ रेघ मारायची. खालचं नाव वाचता आलं पाहिजे.

धाकटी : वाचता आलं पाहिजे?

मास्तर : असा नियमच आहे म्हणाल्या. नाहीतर कागद धरत नाहीत. मग मारली. कच्चा टाका घालतो तशी, एकच रेघ. शेजारी माझं नाव लिहिलं, सही केली. नीट वाचता येतंय तिचं नाव. मी दोनदा बघितलं.

धाकटी : त्याची प्रत मिळेल आपल्याला?

मास्तर : मागितलीय. तुझ्याकडेच येईल काढायला. त्यांचं मशीन बंद आहे.

धाकटी : या खेपेला मी नीट वाचीन.

मास्तर : रडतेस काय. झालं ना आता.

धाकटी : मी नाही रडत. तुम्हीच रडताय.

मास्तर : असेल. आठ महिन्यांत जमलं नव्हतं. बरं वाटतंय.

आमदार : मास्तर, निघालात का? माझी गाडी आहे खाली, सोडतो.

धाकटी : नको. आमदारांच्या गाडीतून उतरलेला विरोधी उमेदवार बघितला तर आमची सातातली चार मतं जातील.

आमदार : हेही खरं. बाई बसनेच जायच्या. काय हो मास्तर, पहिल्या सभेत काय विचारणार आहात? कठडा?

मास्तर : पहिलाच प्रश्न तो.

आमदार : मग त्याच्या आधी बसवून घेतो. उद्या माणसं पाठवतो पुलावर.

मास्तर : बसवा. मी दुसरं विचारीन. यादी मोठी आहे तिची. वही सापडलीय, फक्त अक्षर लागत नाही.

धाकटी : मी लावून देते.

आमदार : बघा, म्हणजे मला जिने चढावे लागणारच. कोट कुठवर आलाय?

मास्तर : शनिवारी ट्रायलला या. तुमचं पोट थोडं वाढलंय, मघाशी हात दिला तेव्हा बघितलं.

आमदार : प्रचारात उतरेल.

धाकटी : आणि भावोजीच निवडून आले तर? कोटाचं काय करायचं?

मास्तर : बाह्या दोन इंच कमी कराव्या लागतील. काही अवघड नाही.

आमदार : ऐका, ऐका. आजच अर्ज राहिला आणि आजच बाह्या कापायला निघाले.

मास्तर : तसं व्हायचं नाही, साहेब. घाबरू नका. मोजणी होऊ दे, मग या. नेहमीसारखं.

आमदार : येईन. ते शेवटचं बटण या वेळी कोण लावणार, मास्तर?

मास्तर : मीच. दुसरं कोण आहे. तीन मिनिटं लागतील.

आमदार : घाई करू नका. वीस लावा. मी बसेन.